मिरजेला उपचाराला येताय? आधी खोलीचं बघा

मिरजेच्या स्टँडवर एका हातात एक्स-रेची मोठी पिशवी, दुसऱ्या हातात चादरीचं गाठोडं आणि बरोबर तोंडाला रुमाल बांधलेला माणूस, असं कुणी दिसलं की ओळखायचं, नवीन आलेत. 2017 च्या जूनमध्ये आम्ही असेच उतरलो होतो. आम्ही निपाणीकडचे. आमचे हे तंबाखूच्या वखारीत हमाली करायचे, गालाच्या आत कॅन्सरची गाठ आली. सहा आठवड्यांसाठी म्हणून आलो आणि इथलेच झालो. पोराला कुपवाडच्या एमआयडीसीत काम लागलं, मग परत जायचं राहूनच गेलं. आता गावाकडून, जतेकडून, सांगोल्याकडून कुणी ना कुणी विचारत येतं, वहिनी, राहायचं कसं करायचं? दर वेळी तेच सांगते, म्हणून एकदा लिहून ठेवतेय.

ऑपरेशनला किती लागतील ते सगळे सांगतात. राहायला किती लागतील ते कुणी सांगत नाही, कारण ते विचारायचं आपल्याला सुचतच नाही. रेडिएशनला इथं पेशंट लोक शेक म्हणतात, कुणी लाईट म्हणतात. ह्यांना ऑपरेशननंतर तीस शेक सांगितले. आठवड्याला पाच, शनिवार-रविवार सुट्टी, म्हणजे सहा आठवडे. शेक स्वतः मोजून पाच-दहा मिनिटांचा. जाळीचा मास्क तोंडावर बसवायचा, टेबलावर निजवायचं, मशीन फिरलं की झालं. एवढ्यासाठी दवाखान्यात ॲडमिट करून घेत नाहीत. राहिलेले तेवीस तास पन्नास मिनिटं तुमची तुम्ही काढायची, आणि पैसा जातो तो त्या तेवीस तासांत.

आमच्या शेजारच्या खोलीत अथणीकडचे एक काका होते. एकोणीस शेक झाले आणि खोलीचं भाडं, खानावळ, रिक्षा यांत पैसे संपले. कुणाला न सांगता गावी गेले. तीन आठवड्यांनी उसने पैसे घेऊन परत आले तेव्हा डॉक्टर असे संतापले की बाहेर बाकावर आम्हाला ऐकू येत होतं. शेकामध्ये खंड पडला की गाठीला उसंत मिळते, मागचं केलेलं वाया जायला लागतं. म्हणून पहिल्याच दिवशी डॉक्टरांना एवढं विचारा, एकूण किती शेक, किती केमो, शेवटची तारीख अंदाजे कुठली? त्या तारखेपर्यंतचं भाडं आणि जेवणाचे पैसे आधी बाजूला काढा, त्यावर आठवडाभराचं जास्त धरा. मशीन बंद पडतं, रक्त कमी भरतं, तोंड सोलवटतं, शेक पुढं जातात. ते पैसे बाजूला ठेवून जे उरेल तेच बाकीच्याला.

आता खोली. दवाखान्यापासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर मिळाली तर शंभर-दोनशे भाडं जास्त गेलं तरी घ्या. तिसऱ्या आठवड्यानंतर पेशंटला वडापमध्ये, म्हणजे शेअर गाडीत, कोंबून नेता येत नाही, मग रोज दोन वेळची स्पेशल रिक्षा होते आणि स्वस्त खोली महागात पडते. स्वयंपाकाला परवानगी आहे का ते भाडं ठरवायच्या आधी विचारा. संडास त्याच मजल्यावर हवा. आणि पावसाळ्यात आला असाल तर मालकाला नाही, समोरच्या किराणावाल्याला विचारा की 2019 च्या महापुरात इथं पाणी आलं होतं का. हे मी शहाणपणाने सांगत नाही. फेरतपासण्या चालू होत्या, पोराचं नवीन काम होतं, तेव्हा कमी भाडं बघून आम्ही सांगलीत नदीच्या अंगाला तळमजल्यावर राहायला गेलो होतो. आयर्विन पुलापाशी 45 फुटाला धोका धरतात, त्या ऑगस्टमध्ये पाणी 57 च्या वर गेलं. भांडी गेली त्याचं काही नाही. फाईल भिजली. बायोप्सीचे रिपोर्ट एकमेकांना चिकटून पापडासारखे झाले, आणि डिपॉझिट मागायला गेले तर घरमालक म्हणाला, भिंतींचं नुकसान कोण देणार? तेव्हापासून आमची फाईल प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत असते आणि प्रत्येक कागदाचा फोटो दोघांच्या फोनमध्ये.

कागदांचं बोलायचं तर, उपचाराचा मोठा खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसू शकतो. 1 जुलै 2024 पासून एका कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि पिवळं, केशरी, पांढरं, कुठलंही रेशनकार्ड चालतं. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचं, टेबल असतं. डॉक्टरांच्या आधी त्या टेबलाशी जा. आम्ही उलटं केलं. घाबरून एका ठिकाणी सगळ्या तपासण्या रोखीत करून टाकल्या, मग कळलं की मंजुरीच्या आधीचं बिल परत मिळत नाही. तसंही आमचं कार्ड कर्नाटकाचं, तेव्हा आम्हाला ही योजना लागूच नव्हती. दोन म्हशी आणि माझ्या पाटल्या त्यात गेल्या. आता कर्नाटकाच्या हद्दीतली सीमाभागातली 865 गावं या योजनेत घेतलीत. तुमचं गाव त्यात असेल तर कुठला दाखला लागतो ते निघायच्या आधी विचारून घ्या, म्हणजे दाखल्यासाठी परत हेलपाटा नको. विचारायला 155388 हा फुकटचा नंबर आहे. आणि कुणी गेटवर भेटून 'योजनेत बसवून देतो, हजार द्या' म्हणाला तर सरळ पुढं चालायला लागा. त्या टेबलावर पैसे लागत नाहीत.

ॲडमिट असताना पेशंटचं जेवण योजनेत येतं. बाहेर खोलीत राहून शेक घेणाऱ्याचं येत नाही, बरोबरच्या माणसाचं तर नाहीच.

योजनेत न बसणारं काही निघालं तर दवाखाना धर्मादाय आहे का ते बघा. ट्रस्टच्या अशा दवाखान्यांना 10 टक्के खाटा निर्धनांसाठी फुकट आणि 10 टक्के निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. वर्षाचं उत्पन्न 1 लाख 80 हजारांपर्यंत असेल तर पहिल्यात, 3 लाख 60 हजारांपर्यंत असेल तर दुसऱ्यात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला पाहिजे. मुख्यमंत्री सहाय्यता निधीलाही तोच दाखला लागतो, वर दवाखान्याचं खर्चाचं पत्रक. त्याचे पैसे थेट दवाखान्याच्या खात्यात जातात, आपल्या हातात येत नाहीत, तेव्हा त्या भरवशावर भाडं थकवू नका. गावाहून निघतानाच उत्पन्नाच्या दाखल्याच्या दोन-तीन प्रती काढून आणल्या तर निम्मं काम झालं.

हातात येणारे पैसे वेगळे. संजय गांधी निराधार योजनेत कॅन्सरसारख्या मोठ्या आजाराच्या माणसाला महिन्याला 1,500 रुपये मिळतात. वय 65 च्या आत, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 21 हजारांच्या आत किंवा दारिद्र्यरेषेखालचं नाव, आणि महाराष्ट्रात 15 वर्षं राहिल्याचा दाखला. आमच्यासारख्या पलीकडच्यांना ते नाही, पण जत-आटपाडीच्या माणसांनी अर्ज जरूर टाकावा. मंजूर व्हायला महिने जातात, म्हणून उपचार संपायची वाट बघू नका. पेशंट कारखान्यात असेल तर पीएफमधून आजारपणासाठी पैसे काढता येतात, ते परत भरावे लागत नाहीत. ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापला जात असेल आणि दोन वर्षं नोकरी झाली असेल तर लांबणाऱ्या आजारात पगाराच्या 80 टक्के भत्ता मिळतो, दोन वर्षांपर्यंत. कुपवाडच्या पोरांना ईएसआय म्हणजे पगारातून कापली जाणारी रक्कम एवढंच माहीत असतं. कार्ड कुठाय विचारलं की आईकडं बघतात.

रेशनचं मात्र बहुतेकांना खरंच माहीत नसतं. गावच्या कार्डावर इथल्या दुकानात धान्य उचलता येतं, आधार जोडलेलं असलं की अंगठा लावायचा आणि आपल्या वाटचं घ्यायचं. सोलापूरचं असो, कर्नाटकचं असो. फक्त घरच्यांशी ठरवून घ्या, नाहीतर तिकडं सासूबाईंनी आधीच उचललेलं असतं आणि इथं दुकानदार मशीन फिरवून दाखवतो. आणखी एक. काही केमोच्या गोळ्यांनी हातापायाची कातडी सोलते आणि बोटांचे ठसे पुसट होतात. वरच्या मजल्यावरच्या आजी चार वेळा अंगठा लावून रिकाम्या पिशवीनं परत आल्या, आणि आपलंच काहीतरी चुकलं म्हणून रडत बसल्या. चुकलं नव्हतं. अशा वेळी कार्डावरच्या दुसऱ्या कुणाचा तरी अंगठा लावायचा.

जेवणाचं. खानावळीचा डबा पहिले आठ दिवस बरा वाटतो. मग पेशंटचं तोंड येतं, मीठ-तिखट लागलं की डोळ्यांतून पाणी, आणि डबा तुम्हीच दोन वेळा खाता. आम्ही पाच किलोचा छोटा सिलिंडर घेतला, तो ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. पण खरा पैसा वसूल झाला तो मिक्सरचा. कोल्हापूरच्या जुन्या बाजारातून आणलेला. मऊ भात, मुगाचं वरण, उकडलेलं अंडं आणि दूध एकत्र फिरवायचं. दिसायला अगदी गाऱ्यासारखं, पण ह्यांचं वजन त्यावर टिकलं. नाचणीची आंबील गार करून दिवसातून तीनदा. दुकानातली प्रोटीन पावडर डॉक्टरांनी लिहून दिली तरच घ्या, नातेवाइकांनी सांगितली म्हणून घेऊ नका. एका डब्याच्या पैशात महिन्याची अंडी येतात.

नातेवाइकांवरून आठवलं. भेटायला येणारे सहाजण येतात, शहाळी आणतात आणि तुमच्याकडंच जेवून जातात. मी शेवटी फोनवर सांगायला लागले, येऊ नका, तेवढं तिकिटाचं भाडं पाठवा. दोघांना राग आला, तिघांनी पाठवलं.

प्रवासात एसटीला बायकांना 2023 पासून अर्धं तिकीट आहे, 75 च्या वरच्यांना फुकट. कर्नाटकात तिथल्या बायकांना सरकारी बस फुकट, पण दोन्ही सवलती आपापल्या हद्दीपुरत्याच. कॅन्सर पेशंटलाही एसटीत सवलत आहे, दवाखान्याचा दाखला लागतो. मुंबईला टाटाला पाठवलं तर रेल्वेचा ठरावीक फॉर्म डॉक्टरांकडून भरून घ्या. स्लीपर आणि थ्री एसीत उपचाराला जाणाऱ्या पेशंटला तिकीट पूर्ण माफ, बरोबरच्या एकाला 75 टक्के सूट. तो फॉर्म घेऊन खिडकीवरच तिकीट काढायचं.

बरोबर राहणाऱ्या माणसाची मजुरी बुडते, तो खर्च वहीत कुणी लिहीत नाही. शेकाची वेळ कायम एकच ठेवा म्हणून मशीनवरच्या माणसाला पहिल्याच आठवड्यात विनंती करा. आमची सकाळी साडेआठची ठरली, म्हणजे पुढचा दिवस मोकळा. नंतरच्या वर्षी केमो उन्हाळ्यात आली तेव्हा मधल्या बऱ्या दिवसांत दहापर्यंत ह्यांना आंबील देऊन मी बेदाणा निवडायला जायची. शेडमध्ये काड्या आणि काळा मणी वेचायचा, बसून काम, बोटं दिवसभर चिकट. शेजारणीच्या हातात खोलीची किल्ली असायची. त्या पैशात भाडं निघालं. द्राक्षाच्या हंगामात बाईमाणसाला हे काम मिळतं, तासगावच्या बाजूला जास्त.

जनावर विकायची घाई करू नका. दूध देणारी म्हैस हा घरचा पगार असतो, मी दोन विकल्या आणि महिन्याभरात तिकडं पोरांच्या चहाला दूध विकत घ्यायची वेळ आली. दागिना आधी बँकेत तारण ठेवा, बचत गटात विचारा. सावकाराचा दारचा पैसा सगळ्यात शेवटी. आणि रोजचा खर्च रोज लिहा, चहासकट. आमच्या वहीत पहिल्या आठवड्यात चहाच दोनशे चाळीसचा निघाला, कारण दवाखान्यात बसून माणूस दुसरं करणार काय? मग थर्मास घेतला.

ह्यांचं तोंड अजून दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही, पण भाकरी कुस्करून खातात आणि माझ्या आमटीला नावं ठेवतात. मिक्सर अजून चालू आहे, नवीन येणाऱ्याला देते. सध्या तो जतेकडच्या एका ताईंकडं आहे, त्यांच्या मालकांचे शेक पुढच्या गुरुवारी संपतात. त्यानंतर न्या. भांड्याचं झाकण सैल आहे, फिरवताना वरून हात दाबून धरा, आणि देताना धुऊन द्या.