चिकूच्या सालीचं सफरचंद

बाजारात मांडलं तर कुणी हात लावणार नाही, असं हे फळ. हिरवट अंगावर तपकिरी खरबरीत साल. बोट फिरवलं की थेट चिकू. आमच्या घरी पहिल्यांदा आणलं तेव्हा ह्यांनी विचारलं होतं, "बटाटे फ्रिजमध्ये का ठेवलेस?" नाव रॉक्सबरी रसेट. रसेट म्हणजे अशी खडबडीत तपकिरी सालीची सफरचंदं.

बॉस्टनला खेटून असलेल्या रॉक्सबरी गावात हे झाड सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात मिळालं आणि अमेरिकेत जन्मलेल्या सफरचंदाच्या जातींत हीच सर्वांत जुनी मानतात. १८६८ मध्ये ते गाव बॉस्टन शहरात सामील झालं. आता तिथं बॉस्टनच्या मेट्रोच्या ऑरेंज लाइनवर रॉक्सबरी क्रॉसिंग नावाचं स्टेशन आहे. नोकरीत असताना मी त्याच गाडीनं रोज जायचे. स्टेशनाचा आणि सफरचंदाचा काही संबंध आहे, हे मला निवृत्तीनंतर पश्चिम मॅसॅच्युसेट्सच्या डोंगरात राहायला आल्यावर कळलं.

आधी एक खुलासा. पुण्याहून भाचा दर हिवाळ्यात विचारतो, "आत्या, एक काडी घेऊन ये ना." आणणार नाही. कस्टममध्ये रोपांच्या काड्या अशा बॅगेतून नेता येत नाहीत, आणि नेली तरी तिथं ती रुसून बसेल. या जातीला हिवाळ्यात हजाराच्या आसपास तास सात अंशांखालची थंडी लागते. ती मिळाली नाही तर डोळे नीट फुटतच नाहीत. महाराष्ट्रात सफरचंद लावायची हौस असेल तर हिमाचलच्या बिलासपूरचे हरिमन शर्मा यांनी काढलेली एचआरएमएन-९९ ही कमी थंडीची जात बघावी. खालचं सगळं न्यू इंग्लंड (अमेरिकेचा ईशान्य कोपरा), न्यूयॉर्कचा वरचा भाग, ओंटारिओ अशा थंड मुलखातल्या आपल्या माणसांसाठी.

बी लावून रॉक्सबरी मिळत नाही. हापूसची कोय लावून हापूस मिळत नाही, तसंच. कलमच हवं. तयार रोप विकत मिळतं, पण ऑर्डर देताना खुंट (ज्या मुळाच्या रोपावर काडी बांधतात ते) कोणता ते नक्की विचारा, कारण झाड केवढं होणार ते खुंट ठरवतो. एम-९ नावाच्या खुंटावर झाड बुटकं राहतं, लवकर फळतं, पण जन्मभर आधाराचा खांब लागतो. माझी जमीन खडकाळ, पाणी घालायला रोज कुणी नाही, म्हणून मी एमएम-१११ घेतला. झाड मोठं होतं, दोन झाडांत अठरा फूट सोडावे लागतात, पहिलं फळ यायला पाच-सहा वर्षं जातात. पण दुष्काळ सोसतो आणि स्वतःच्या पायावर उभा राहतो.

मी कलमं घरीच बांधली. माहेर देवगड तालुक्यातलं, अण्णा पावसाळ्यात कोय कलमं करायचे आणि मी शेजारी बसून पट्टी धरायची. इथं पावसाळ्यात नाही, एप्रिलच्या शेवटी करायचं. खुंटाचे डोळे नुकते फुगलेले हवेत आणि कलमकाडी मात्र अजून गाढ झोपलेली. खुंट पेन्सिलीएवढ्या जाडीवर आडवा कापायचा, मधोमध दीड इंच उभी चीर द्यायची. काडी तीन डोळ्यांची घ्यायची, खालचं टोक दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची. तासताना चाकू एकदाच, लांब ओढायचा. करवतासारखा पुढं-मागं केला तर पृष्ठभाग उंचसखल होतो आणि मध्ये हवा राहते. मग पाचर चिरेत बसवताना सालीच्या आतली हिरवी रेघ निदान एका बाजूला तंतोतंत जुळवायची. काडी खुंटापेक्षा बारीक असेल तर ती मधोमध ठेवण्याचा मोह होतो. एका कडेला सरकवा, दिसायला वाकडं दिसू दे. वरून ताणली जाणारी कलमाची पट्टी घट्ट गुंडाळायची आणि काडीच्या वरच्या टोकाला मेण लावायचं.

पहिल्या वर्षी पाचांतली दोनच जगली. तासलेली काडी हातात धरून फोनवर बोलत राहिले होते. पाच मिनिटांत कापलेली बाजू सुकते. अण्णा म्हणायचे, कलम करताना तोंड बंद. ते कशासाठी म्हणायचे हे साठी उलटल्यावर समजलं.

झाड लावताना सांधा जमिनीच्या वर तीन-चार बोटं राहिला पाहिजे. मातीत गेला तर वरच्या काडीलाच मुळं फुटतात आणि खुंटाचा उपयोग संपतो. खड्ड्यात शेणखत ओतायची आपली सवय इथं आवरा. जास्त नत्रानं कोवळी वाढ सुटते आणि तिच्यावर फायर ब्लाइट हा रोग धरतो, शेंडे जळल्यासारखे काळे पडून वाकतात. वरून कंपोस्ट पसरलं की पुरे, आणि तेही खोडाला चिकटवायचं नाही.

आता लग्नाची गोष्ट. सफरचंदाच्या बहुतेक जातींत गुणसूत्रं ३४ असतात, रॉक्सबरीत ५१. दोनाऐवजी तीन संच. त्यामुळं झाड दांडगं, पानं मोठी, पण पराग निकामी. त्याच्या फुलांना दुसऱ्या जातीचा पराग हवा आणि ते झाड दुसऱ्याला काहीच परत देत नाही. म्हणून बागेत एकूण तीन जाती लागतात: दोघी एकमेकींना फळवतात आणि तिसऱ्या या पाहुण्यालाही. बहर मात्र तिघांचा एकाच सुमारास यायला हवा. शेजाऱ्याकडे क्रॅबॲपलचं (बारक्या आंबट सफरचंदाचं) झाड असेल तर एक जात वाचली. माझ्याकडे मॅकिंटॉश जातीचं एक झाड आहे आणि रस्त्यापलीकडं क्रॅबॲपल. मधमाशा रस्ता ओलांडतात.

पहिल्या हिवाळ्यात दोन रोपं गेली. बर्फ वितळल्यावर पाहिलं तर बुंध्याची साल गोलाकार, कंगणासारखी कुरतडलेली. बर्फाखालून बोगदे करून येणारे आखूड शेपटीचे उंदीर, इथं व्होल म्हणतात. तेव्हापासून लावल्या दिवशीच पाव इंची भोकांची लोखंडी जाळी बुंध्याभोवती सैल गुंडाळते, दोन इंच मातीत पुरते आणि वर दोन फूट ठेवते. बर्फ जास्त साचला की ससे त्यावर उभे राहून जाळीच्या वरची साल खातात. त्या वर्षी फावड्यानं खोडाजवळचा बर्फ काढत राहायचं, दुसरा उपाय नाही. हरणांसाठी वेगळं कुंपण लागतं, तो खर्च आधीच धरा.

थंडीचं सांगते. १८ मे २०२३ च्या पहाटे न्यू इंग्लंडभर असं गोठण पडलं की कित्येक बागांचं वर्ष बुडालं. फुलोऱ्यात उणे दोन अंशांपासून नुकसान सुरू होतं, उणे चारच्या आसपास जवळजवळ सगळं जातं. मी त्या सकाळी एक फूल नखानं उभं चिरलं. मधला भाग हिरवा असायला हवा होता, चहाच्या चोथ्यासारखा काळा होता. घरच्या एक-दोन झाडांवर चादरी टाकून फरक पडतो, पण चादर जमिनीला टेकली पाहिजे. उष्णता खालून येते. झाड सखल जागी लावू नका, थंड हवा पाण्यासारखी उतारावरून वाहत येऊन तिथं साचते.

जूनमध्ये काही फळं झाड आपणच टाकतं. उरलेल्यांची विरळणी करा: घोसात एकच फळ, आणि दोन फळांत वीतभर अंतर. जीवावर येतं खरं. पण नाही केलं तर पुढच्या वर्षी झाड सुट्टी घेतं, हापूस एक वर्षाआड धरतो तसं. कीड म्हणाल तर खवल्याच्या रोगाला (इथं स्कॅब म्हणतात) ही जात बरीच दाद देत नाही. भुंगे आणि फळमाशी मात्र सोडत नाहीत. पाकळ्या गळाल्या की केओलिनची पांढरी माती पाण्यात कालवून फवारते, पावसानं धुतली की पुन्हा. झाड महिनाभर चुना फासल्यासारखं दिसतं.

तोडणी ऑक्टोबरच्या उत्तरार्धात. तपकिरीमागचा हिरवा रंग पिवळटला का ते बघा, एक फळ कापून बिया पुऱ्या तपकिरी झाल्यात का ते बघा. मग फळ तळहातात घेऊन वर उचलायचं, किंचित पिळायचं. सुटलं तर तयार.

आणि लगेच खायचं नाही. मी खाल्लं होतं. दगडासारखं कडक, आंबट, थोडं तुरट. सहा वर्षं वाट पाहून हे? त्या रात्री माहेरच्या माळ्यावरची अढी आठवली. गवत, आंबा, गवत, आंबा, आणि मुलांना माळ्यावर चढायची बंदी. इथंही तेच करायचं, फक्त उलट बाजूनं: तिथं ऊब पिकवते, इथं थंडी. ही साल म्हणजे बारीक भेगांवर धरलेलं बुचाचं आवरण असतं, मेणासारखी पाणी अडवत नाही. म्हणून रसेट सडण्याआधी सुरकुततं. उपाय ओल्या थंडीचा. भोकं पाडलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून शून्य ते चार अंशांत ठेवा, किंवा थंड तळघरात लाकडी पेटीत वर्तमानपत्राचे थर देऊन. डाग किंवा देठ तुटलेलं एकही फळ पेटीत जाता कामा नये. दर आठवड्याला हात घालून, नाक लावून तपासा. बटाटे दुसऱ्या खोलीत. त्यांचा वास सफरचंद उचलतं.

बाजूला काढलेल्या डागी फळांचा मी त्याच आठवड्यात मेथांबा करते. कैरीला इतका जवळचा पर्याय मला या देशात दुसरा सापडला नाही. किलोभर फळं सोलून (साल शिजली की चामट होते) बोटाएवढ्या फोडी करायच्या. दोन मोठे चमचे तेलात मोहरी, ती तडतडली की एक चहाचा चमचा मेथीदाणे. मेथी बदामी झाली की थांबायचं, लाल झाली तर कडवट. हिंग, हळद, फोडी, वाटीभर पाणी, झाकण. फोडी मऊ झाल्यावरच साडेतीनशे ग्रॅम गूळ, तिखट, मीठ. गूळ आधी टाकला तर फोडी आकसून कडक राहतात. आंबटपणा कमी वाटला तर लिंबू पिळा. पाक बोटाला चिकटेल इतपत झाला की उतरवा.

चांगली फळं जानेवारीत बाहेर काढते. तोवर आंबटाला गोडी आलेली असते, कापलं की पिकल्या पेरूची आठवण करून देणारा वास येतो. इथले लोक जुन्या चेडर चीजबरोबर खातात, ते खरंच छान लागतं. मी तिखटमीठ लावते. सायडरसाठी ही जात पूर्वीपासून नावाजलेली, पण एकट्या झाडाची फळं त्याला पुरत नाहीत.

फेब्रुवारीच्या अखेरीस पेटीच्या तळाशी राहिलेली सुरकुततात, पण टाकू नका, सगळ्यांत गोड तीच. नेमकी त्याच आठवड्यात पुढच्या कलमांसाठी काड्या कापायच्या असतात: गेल्या वर्षीची वाढ, पेन्सिलीएवढी जाड, ओलसर कागदात गुंडाळून पिशवीत बंद. ही पिशवी सफरचंदं असलेल्या फ्रिजमध्ये चुकूनही ठेवू नका. पिकत्या फळांतून निघणारा इथिलीन वायू झोपलेले डोळे मारतो. आमच्या घरात त्यासाठी एक जुना छोटा फ्रिज गॅरेजमध्ये आहे, आणि त्यात दूधसुद्धा ठेवायचं नाही असं ह्यांना बजावून ठेवलंय, कारण दुधामागोमाग सफरचंदंही तिथं येतात.