जागतिक प्रश्नावर अभियांत्रिकीचे काम कसे सुरू करावे

हवामानबदल, पिण्याचे पाणी, ऊर्जा, आरोग्य हे शब्द प्रकल्पाच्या शीर्षकात शोभून दिसतात, परंतु त्यांच्यावर आकडेमोड करता येत नाही. आणि जिथे आकडेमोड करता येत नाही तिथे अभियंत्याच्या हाताला फारसे काम नसते. म्हणून उपकरणाचे चित्र काढण्याआधी प्रश्नाचे तुकडे करत जावे, इतके की त्यातल्या एखाद्या तुकड्याला एकक लावता येईल. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली स्वीकारलेली १७ शाश्वत विकास उद्दिष्टे विषय निवडताना उपयोगी पडतात. रचनेसाठी मात्र त्यांच्या बरेच खाली उतरावे लागते.

सिमेंटचे उदाहरण घेऊ. मानवी व्यवहारांतून जगभर बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमध्ये सिमेंटचा वाटा साधारण ७ ते ८ टक्के आहे. हे वाचल्यावर भट्टीला स्वच्छ इंधन किंवा वीज पुरवावी, अशी कल्पना चटकन सुचते. पण भट्टीत नेमके काय घडते ते आधी कागदावर मांडावे. शुद्ध चुनखडी १०० किलो घेऊन ती पूर्ण भाजली, तर ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हा वायू दगडातूनच सुटतो, इंधनाशी त्याचा संबंध नाही; आणि सिमेंटच्या एकूण उत्सर्जनातला निम्म्याहून अधिक भाग याच अभिक्रियेचा असतो. एवढा हिशेब केला की इंधन बदलून प्रश्नाचा मोठा भाग जागचा हलणार नाही हे कळते, आणि ‘सिमेंटमधले क्लिंकर, म्हणजे भट्टीत चुनखडी मातीसह भाजून तयार होणारे आणि दळून सिमेंट बनणारे गोळे, किती कमी करता येईल’ असा नवा, मोजता येणारा प्रश्न हाती येतो. एलसी३ नावाच्या सिमेंटची दिशा हीच आहे. त्यात क्लिंकर सुमारे निम्म्यावर आणून बाकीच्या जागी मुख्यतः भाजलेली चिकणमाती आणि न भाजलेल्या चुनखडीची पूड वापरतात. ही माती ७०० ते ८५० अंश सेल्सिअसला तयार होते, तर क्लिंकरसाठी तापमान १,४५० अंशांच्या आसपास न्यावे लागते.

एकक सापडले की निसर्गाने घातलेली मर्यादा शोधावी. समुद्राच्या पाण्यातले निम्मे पाणी गोडे करून घ्यायचे असेल, तर एका घनमीटर गोड्या पाण्यामागे सुमारे १ किलोवॉट-तास ऊर्जा लागणारच. मीठ अडवून पाणी पलीकडे जाऊ देणारा पडदा कितीही उत्तम असला तरी त्याखाली जाता येत नाही. रिव्हर्स ऑस्मोसिसचे, म्हणजे अशा पडद्यातून दाबाने पाणी ढकलण्याच्या पद्धतीचे, आजचे चांगले प्रकल्प ३ ते ४ किलोवॉट-तासांत हे काम करतात. त्यामुळे ऊर्जेचा खर्च दहापट कमी करून दाखवतो, असे कोणी म्हणाले तर तो दावा खोडायला प्रयोगशाळाही लागत नाही. सुधारणेला जागा आहे, पण ती थोडी आहे आणि तिचा बराच भाग पंप व पूर्वशुद्धीकरण यांत दडलेला आहे.

यापुढचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आणि बहुतेक आराखड्यांत सर्वांत दुबळा असतो: वस्तू बिघडल्यावर ती कोण दुरुस्त करणार? भारतात १९७० च्या दशकात घडलेला इंडिया मार्क टू हातपंप दणकटपणामुळे अनेक देशांत गेला. त्याचा दट्ट्या जमिनीखाली खोलवर सिलिंडरमध्ये चालतो, आणि दट्ट्यावरचे वॉशर कालांतराने झिजतात. वॉशर ही क्षुल्लक वस्तू. परंतु पाणी वर आणणारा पाइप दट्ट्यापेक्षा अरुंद असल्याने ती बदलण्यासाठी पाइपांची सगळी माळ सिलिंडरसह उपसून काढावी लागते. त्यासाठी अवजड हत्यारे, प्रशिक्षित माणसे आणि त्यांना आणणारी गाडी लागते, आणि हे सगळे येईपर्यंत पंप बंद राहतो. पुढे आलेल्या मार्क थ्रीमध्ये पाइपच रुंद केला, त्यामुळे दट्ट्या सळयांबरोबर पाइपातूनच वर ओढता येऊ लागला आणि ही दुरुस्ती गावातल्या माणसांच्या आवाक्यात आली. रुंद पाइप जड असतो आणि महागही पडतो. केवळ खरेदीची किंमत पाहणाऱ्याला मार्क थ्री तोट्याचा वाटू शकेल. माझ्या मते असा सौदा डोळे उघडे ठेवून करणे हेच रचनेचे खरे काम आहे. आपल्या आराखड्यासोबत एक पान दुरुस्तीचे जोडावे: सर्वांत आधी कोणता भाग झिजेल, तो कुठे मिळेल, कोणत्या पान्याने निघेल आणि तोपर्यंत लोक काय वापरतील. हे पान भरता येत नसेल, तर आराखडा अजून अर्धवट आहे.

शेवटी, आपला उपाय कोणता नवा प्रश्न उभा करील याचा शोध घ्यावा. बांगलादेशात १९७० च्या दशकापासून लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या, कारण तळ्यांचे आणि नद्यांचे दूषित पाणी पिऊन लोक, विशेषतः मुले, अतिसाराने दगावत होती. जंतूंच्या दृष्टीने हे भूजल बरेच सुरक्षित होते. परंतु त्यातल्या अनेक कूपनलिकांच्या पाण्यात भूस्तरातले नैसर्गिक आर्सेनिक उतरलेले होते, आणि त्याची तपासणी त्या काळी होत नसे. हा प्रकार १९९० च्या दशकात उघड झाला. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे. तिथल्या असंख्य कूपनलिकांनी ५० ही राष्ट्रीय मर्यादासुद्धा ओलांडली होती. पुढे पाणी तपासून सुरक्षित कूपनलिकांना हिरवा आणि घातक कूपनलिकांना लाल रंग देण्यात आला. आर्सेनिक डोळ्यांना दिसत नाही, त्याला चव नाही, आणि त्याचा परिणाम दिसायला वर्षे लागतात. त्यामुळे वापरणाऱ्यांच्या तक्रारींवरून तो ओळखता येणे शक्यच नव्हते. अशा धोक्यांसाठी, उभारणीनंतर कोणत्या घटकांची चाचणी किती वर्षे आणि कोणी करायची हे आधीच ठरवून तिचा खर्च मूळ अंदाजपत्रकातच धरावा, कारण उद्घाटनानंतर त्यासाठी पैसे मागणे फार अवघड जाते.