१९१५ साल दिसलं की थांबा

ऑस्ट्रिया-हंगेरीची सोन्याची नाणी जमवायला लागलात की सम्राट फ्रान्झ जोसेफचा डुकाट हमखास समोर येतो, आणि त्यावर बहुधा १९१५ हे साल असतं. व्हिएन्नाची टांकसाळ साम्राज्य बुडाल्यावरही हेच साल घालून तो पाडत राहिली. १०० कोरोनाच्या (कोरोना म्हणजे साम्राज्याचं तेव्हाचं चलन) नाण्याचंही तसंच. २० कोरोनावर १९१५, तर १० कोरोनावर १९१२. नाणी अस्सल सोन्याचीच, पण दुर्मिळ नव्हेत. तेव्हा सोन्याच्या भावावर थोडीफार रक्कम ठीक, ‘अँटिक’ म्हणून जास्त मागितले तर सरळ नकार द्या. १९१४ किंवा त्याआधीचा डुकाट असेल तर मात्र जरा जास्त मोजायला हरकत नाही.

वजन करूनच घ्या. एक डुकाट ३.४९ ग्रॅम, शुद्धता हजारात ९८६. चार डुकाटचं नाणं १३.९६ ग्रॅमचं, पण जवळपास ४० मिमी रुंद आणि पापडासारखं पातळ. हे लॉकेटात फार अडकवलं गेलंय. म्हणून भिंग घेऊन कड फिरवून बघा, विशेषतः सम्राटाच्या डोक्यावरची. तिथे डाग दिल्याची खूण किंवा घासलेला चकचकीत पट्टा दिसला तर किंमत पाडून मागा. आणि कितीही मळलेलं असो, सराफाकडे पॉलिशला देऊ नका.