अक्षरे सारखी, मूळ वेगळे : इंग्रजी शब्दांचे गट पाठ करताना या चुका टाळा

जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या अनेकांकडे इंग्रजी शब्दांची एक वेगळी वही असते. तिच्यात समान अक्षरांचा तुकडा शीर्षक म्हणून वर, त्याचा अर्थ बाजूला आणि तो तुकडा असलेल्या शब्दांची रांग खाली, अशी मांडणी असते. ही पद्धत मुळात चांगली आहे. २०२३ च्या तलाठी भरतीत १०० पैकी २५ प्रश्न इंग्रजीचे होते आणि अशा परीक्षेत अनोळखी शब्दाच्या मुळावरून त्याच्या अर्थाचा अंदाज बांधता येणे ही मोठी सोय असते. बिघाड होतो तो गट पाडताना. अक्षरे जुळली म्हणजे मूळही एकच, असे गृहीत धरले जाते आणि चुकीचा अर्थ इतका पक्का पाठ होतो की तो पुसण्यातच अधिक वेळ जातो.

सी-आय-डी-ई ही चार अक्षरे घ्या. खानदेशातील शेतकरी कुटुंबांना ती कृषी सेवा केंद्रातील बाटल्यांमुळे आधीच परिचयाची आहेत. बोंडअळीच्या औषधावर इन्सेक्टिसाइड, केळीवरील करप्याच्या औषधावर फंगिसाइड आणि तणनाशकावर हर्बिसाइड असे छापलेले असते. शब्दाचा पहिला भाग कोणाला मारायचे ते सांगतो, तर शेवटच्या भागामागे ‘कापणे, ठार करणे’ या अर्थाचे लॅटिन क्रियापद आहे. मनुष्यवध या अर्थाचा होमिसाइड हा शब्दही याच गटातला. डिसाइड मात्र पुष्कळ जण गटाबाहेर ठेवतात, कारण निर्णय घेण्यात कोणी मरत नाही. तरीही त्याचे मूळ तेच आहे. मराठीत आपण तंटा ‘तोडतो’, तसाच हा कापून टाकण्याचा अर्थ निकाल लावण्याकडे वळला. उलट कोइन्साइड, इन्सिडेंट आणि अ‍ॅक्सिडेंट यांच्या स्पेलिंगमध्ये हीच चार अक्षरे सलग येत असली, तरी त्यांचे मूळ ‘पडणे’ या अर्थाच्या दुसऱ्याच क्रियापदात आहे. अपघातात जीव जातो म्हणून अ‍ॅक्सिडेंट पहिल्या गटात बसवणारी वही दिसायला तर्कशुद्ध असते. तेवढीच ती चुकीचीही असते.

उंदीर मारण्याच्या औषधाला रोडेंटिसाइड म्हणतात. त्यातील सी-आय-डी-ई खरोखरच ठार करणारे आहे. त्याच्या आधी येणारी डी-ई-एन-टी ही अक्षरे पाहून विद्यार्थी त्यात दात शोधतो, आणि उंदराचे दात प्रसिद्ध असल्यामुळे त्याला शंकाही येत नाही. प्रत्यक्षात हा शब्द ‘कुरतडणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आला आहे आणि शेवटचे ई-एन-टी हा ‘करणारा’ दाखवणारा प्रत्यय आहे. म्हणजे रोडेंट हा कुरतडणारा प्राणी. स्टुडंट आणि प्रेसिडेंट यांतही तोच प्रत्यय आहे. दातांचा खरा गट डेंटिस्ट, डेंटल आणि डेंचर यांचा. लॅटिनमधील हे मूळ आणि आपला ‘दंत’ ही एकाच प्राचीन भाषाकुळातील भावंडे असल्यामुळे हा गट मराठी माणसाला वेगळा पाठ करावा लागत नाही. महामार्गावरील गॅरेजच्या पाटीवर ‘डेंटिंग-पेंटिंग’ असते, त्यातील डेंट मात्र ‘ठोका, आघात’ या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दापासून आला आहे. दाताशी त्याचा संबंध नाही.

म्हणून वहीत शब्द लिहिण्यापूर्वी तो कुठे तोडायचा हे ठरवावे. तुकडा बाजूला काढल्यावर उरलेल्या अक्षरांना काही अर्थ राहतो का, हे पाहावे. स्टुडंटमधून दात काढले तर मागे एस-टी-यू एवढेच उरते. मग शब्दकोशातील व्युत्पत्तीची ओळ वाचावी. बहुतेक जण ती ओलांडून थेट अर्थाकडे जातात, आणि माझ्या मते अर्धी चूक तिथेच होते.

पी-ई-डी या अक्षरांबाबत स्पेलिंगचीच मदत होते. पेडेस्ट्रियन म्हणजे पादचारी आणि पेडल म्हणजे पायाने दाबायचा भाग. इथे संस्कृत ‘पद’ आठवावे. बालरोगतज्ज्ञ या अर्थाच्या शब्दात मात्र ‘मूल’ या अर्थाचे ग्रीक मूळ आहे. अमेरिकी स्पेलिंगमध्ये तो पी-ई-डीने सुरू होतो, तर ब्रिटिश स्पेलिंगमध्ये पी-ए-ई-डीने. वहीत ब्रिटिश रूप लिहिले की पाय आणि मूल यांची सरमिसळ होत नाही.

सुरुवातीचे आय-एन म्हणजे नकार, हा नियम अर्धाच खरा आहे. धुळ्यावरून जाणाऱ्या मुंबई-आग्रा महामार्गावरील टँकरच्या मागे ‘हायली इन्फ्लेमेबल’ असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ ‘अत्यंत ज्वालाग्राही’ असा आहे. फ्लेमेबलचाही अर्थ तोच. न पेटणाऱ्या वस्तूला नॉन-फ्लेमेबल म्हणतात. इन्व्हॅल्युएबल म्हणजेही कवडीमोल नव्हे, तर अनमोल.

बायअ‍ॅन्युअल म्हणजे वर्षातून दोनदा आणि बायेनियल म्हणजे दोन वर्षांतून एकदा. राज्यसभेचे सुमारे एक तृतीयांश सदस्य दर दोन वर्षांनी निवृत्त होतात आणि त्या जागांसाठी होणाऱ्या निवडणुकांना बायेनियल म्हणतात. एवढे उदाहरण पुरेसे आहे.

शेवटची चूक उलट प्रकारची आहे, कारण तिथे मूळ एकच असून अर्थ वेगळे आहेत. स्टेशनरी हा शब्द ए-आर-वायने संपला तर त्याचा अर्थ ‘स्थिर’ असा होतो, जशी भुसावळच्या फलाटावर उभी असलेली गाडी. ई-आर-वायने संपला तर वही, पेन, कागद. फेरीवाल्यासारखे न हिंडता एका जागी दुकान मांडणाऱ्या विक्रेत्याचे नाव पुढे त्याच्या मालाला चिकटले, म्हणून हे दोन शब्द इतके सारखे दिसतात. दुकानांच्या पाट्यांवर यांची सर्रास अदलाबदल झालेली असते, त्यामुळे पाटी पाहून स्पेलिंग पाठ करू नये. पेपर या शब्दाचा शेवट ई-आरने होतो आणि कागद विकणाऱ्या दुकानाच्या नावातही तीच दोन अक्षरे आहेत, एवढे लक्षात ठेवले तर परीक्षेत गोंधळ होत नाही.