मालदीवच्या किनाऱ्यावर ऊन आणि पोशाख, दोन्हींवर एकच उपाय

माफुशीसारख्या स्थानिक वस्तीच्या बेटांवर पोहण्याचे तोकडे कपडे केवळ ‘बिकिनी बीच’ म्हणून राखून ठेवलेल्या किनाऱ्यावरच चालतात, इतरत्र खांदे आणि मांड्या झाकलेल्या असाव्या लागतात. त्यातच विषुववृत्ताजवळचे ऊन उघड्या अंगाला पाहता पाहता भाजते. पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड (पोहताना घालायचा, अंगाला घट्ट बसणारा टॉप) आणि घोट्यापर्यंतची स्विम लेगिंग घेतल्यास दोन्ही प्रश्न एकदमच सुटतात.

१. कपडा घेताना लेबलवर यूपीएफ (कपडा अतिनील किरण किती अडवतो याचे माप) ५० असल्याची खात्री करावी, म्हणजे अतिनील किरणांचा जेमतेम पन्नासावा भाग त्वचेपर्यंत पोहोचतो.

२. निघण्यापूर्वी वीस मिनिटे आधी, एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिक असलेले, पाण्यात टिकणारे सनस्क्रीन चेहरा, कान, तळहातांची मागची बाजू आणि पावले यांवर लावावे. स्नॉर्केलिंग करताना आपण पालथे तरंगत असल्यामुळे मानेची मागची बाजू तासन्‌तास उन्हात राहते आणि केसांतील भांगाची रेघही भाजते. या दोन जागा बहुतेकांकडून राहून जातात, म्हणून त्या आवर्जून झाकाव्यात.

३. दर दोन तासांनी आणि अंग पुसल्यावर सनस्क्रीन पुन्हा लावावे.

४. परतताना वस्तीतून जावे लागते, तेव्हा ओल्या, अंगाला चिकटलेल्या कपड्यांवर सैल कुर्ता चढवावा.

मात्र रॅश गार्डऐवजी पांढरा सुती टी-शर्ट घालून पाण्यात उतरू नये, कारण भिजल्यावर तो पारदर्शक होतो आणि त्यातून ऊनही अधिक आत शिरते.