मिरगाआधी कोठ्यावरचे जुने सिमेंट पत्रे काढताय? आधी हे वाचा

मिरगाच्या आधी कोठा, गोदाम नीट करायची घाई आपल्याकडे दरवर्षीचीच, अन् मे मधल्या वादळात एकदोन पत्रे तडकले की मंग ग्राइंडर आणून कापाकापी सुरू. टिनाचे असतील तर ठीक, पण करडे, जाड, नालीदार सिमेंटचे पत्रे असतील तर थांबा भाऊ. नुसतं पाहून ओळखता येत नाही, म्हणून जुना सिमेंट पत्रा अ‍ॅसबेस्टॉसचाच (म्हणजे सिमेंटात बारीक तंतूंचं खनिज मिसळलेला) आहे असं धरून चाला.

पत्रा धड असेल तर त्याला हातच लावू नका. कापला, फोडला, तारेच्या ब्रशने शेवाळ घासलं की डोळ्याला न दिसणारे तंतू उडतात अन् फुफ्फुसात जाऊन बसतात. अ‍ॅसबेस्टॉसिस (या तंतूंनी फुफ्फुस कडक होऊन दम लागणं), फुफ्फुसाचा कॅन्सर हे २० ते ४० वर्षांनी समोर येतं, त्यामुळे "आम्ही किती कापले, काय झालं?" म्हणणाऱ्याचं ऐकू नका, त्यात बिडी ओढणारा असेल तर धोका कितीतरी वाढतो.

काढायचेच असतील तर वारा नसलेली सकाळ धरा, मेच्या दुपारी तोंडावर मास्क कोणी ठेवत नाही हे आपल्याला माहीत आहे. दुपट्टा चालत नाही, एन-९५ मास्कवरही भागवू नका, एकदम बारीक धूळ अडवणारा पी-१०० फिल्टरवाला मास्कच पाहिजे. मेन स्विच बंद, ढोरं-पोरं लांब. फवारणीचा पंप नीट धुवून त्यात पाणी अन् थोडं भांड्याचं लिक्विड टाका, पत्रा हळूहळू ओला करा, जोराची धार नको. पत्र्यावर मात्र चढू नका, जुना पत्रा केव्हा मोडेल नेम नाही, कॅन्सर राहिला दूर, आधी कंबरडंच मोडतं. खाली मचाण बांधा, हुक-बोल्ट पान्याने सोडवा, गंजले असतील तर बोल्ट कापा पण पत्रा कापू नका, अन् अख्खाच खाली उतरवा.

वादळाने फुटला असेल तर आधी फोटो काढा, पंचनाम्याला लागतील, मंग तुकडे ओले करून उचला, झाडू नका. शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद उरला असेल तर त्यात गुंडाळून टेप मारा. खताच्या पोत्यातून धूळ निघते, मल्चिंग पेपर फाटतो. पडक्या विहिरीत, धुऱ्यावर, पांदणीच्या खड्ड्यात टाकायचे नाहीत, चुलीला आडोसा म्हणून तर नाहीच, तापला की पत्रा फुटून उडतो. प्रदूषण नियंत्रण मंडळाची ऑफिसं नागपूर, अमरावती, चंद्रपूरला आहेत, कुठं न्यायचं ते तिथं विचारा, दोनचार घरांनी मिळून नेलं तर गाडीभाडं परवडते. अंगावरचे कपडे न झटकता ओले करून वेगळे धुवा.

नवीन घेताना दुकानात नॉन-अ‍ॅसबेस्टॉसच मागा, आपल्याकडे अ‍ॅसबेस्टॉसचे पत्रे अजून खुलेआम विकतात. टिन घेतलं तर तापते, वरून चुना मारून घ्या.