सेट गेटकीपरवर नोंदला जात नाही तेव्हा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचं काम धरलं, तेव्हा गेटकीपर म्हणजे काय हे मला जिनिंगच्या फाटकावर उमगलं. कापसाची गाडी आली की आधी नोंद, मग नंबर, मग काट्यावर जायची परवानगी. एच.३२३ चा, म्हणजे नेटवर्कवरून व्हिडिओ कॉल करायच्या त्या प्रमाणित पद्धतीचा, सेटही तसाच. आधी आपलं नाव आणि ई.१६४ नंबर, म्हणजे फोनसारखा फिरवायचा नंबर, गेटकीपरकडे नोंदवतो, मग दर कॉलला परवानगी मागतो. नंबरावरून समोरच्याचा आयपी शोधून देणं आणि बँडविड्थ पाहून कॉल सोडणं हे गेटकीपरचं काम.

पहिल्याच पावसाळ्यात विजेनं आमचा सेट जळाला. शेजारच्या तालुक्यातला जुना सेट आणून जोडला. अकराची मीटिंग, आणि पडद्यावर नोंदणी अयशस्वी. मी तासभर आयपी बदलले, केबल बदलली, राउटर दोनदा बंद करून चालू केला. शेवटी जिल्ह्याच्या सिनिअर भाऊंना फोन लावला. ते एवढंच म्हणाले, "उत्तर आलंच नाही, का 'नाही' म्हणून आलं, थे पाय आधी."

लॉग उघडला. गेटकीपरनं साफ नकार दिला होता आणि कारणही लिहिलं होतं: हा नंबर आधीच वापरात आहे. जुन्या सेटमध्ये त्या तालुक्याचा नंबर तसाच राहिला होता आणि त्यांचा नवा सेट त्याच नंबरावर नोंदलेला होता. आमचा नंबर टाकला आणि नोंदणी लगेच झाली. नेटवर्कमध्ये खोट नव्हतीच.

नवख्या मुलांनो, हा फरक पक्का करा. नकार आला असेल तर वाट मोकळी आहे; नाव, नंबर, पासवर्ड तपासा. काहीच उत्तर नसेल तर वाटेत अडलंय. नोंदणी यूडीपीच्या १७१९ या पोर्टवर, म्हणजे ठरलेल्या नंबराच्या दारातून चालते, म्हणून पिंग (पत्ता पोचतो का याची साधी चाचणी) लागतो तरी फायरवॉल हा पोर्ट अडवू शकतो. आणि गेटकीपर 'ऑटो'वर ठेवू नका. त्यात सेट २२४.०.१.४१ या मल्टिकास्ट, म्हणजे एकाच वेळी अनेकांना ऐकू जाणाऱ्या, पत्त्यावर, पोर्ट १७१८ वर हाक मारतो. ती हाक सहसा आपल्या राउटरच्या पलीकडे जात नाही, आणि गेटकीपर तर जिल्ह्याला. 'मॅन्युअल' करा, पत्ता हातानं टाका.

आपल्याकडे विजेची लाईन जाते-येते, म्हणून सेटचा आयपीही पक्का द्या. लाईन आल्यावर आपोआप आयपी वाटणाऱ्या डीएचसीपीनं नवा आयपी दिला, तर जुन्या नोंदीची मुदत संपेपर्यंत गेटकीपर तुमच्याच नंबराला परका समजू शकतो.

नोंदणी झाली, पण कॉल लागत नाही? मग कॉलचा वेग पाहा. ७६८ केबीपीएसचा कॉल प्रत्यक्षात नेटवर्कवर त्याहून जास्त जागा घेतो. आमच्याकडे मी ५१२ वर उतरवून पाहतो.

आणि चाचणी आयपी टाकून घेऊ नका, बऱ्याच सेटवर तो कॉल गेटकीपरशिवायही लागतो. शेजारच्या तालुक्याचा नंबर फिरवा, मीटिंगच्या आदल्या दिवशी.